खडकवासल्याचा शोध आणि पडद्यावरचे ग्रंथालय

पुण्याजवळच्या खडकवासला धरणाविषयी मुळापासून वाचायचे ठरवले, तर मजकूर चार दिशांना विखुरलेला आढळतो. धरणाची जुनी हकिकत 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1903 मध्ये इथे बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांविषयी त्यांच्या आठवणींच्या इंग्रजी पुस्तकात वाचायला मिळते. नद्या-कालव्यांवरचे प्रयोग इथल्याच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राच्या अहवालांत नोंदलेले आहेत, आणि 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या प्रलयाचे वर्णन त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत. एवढे सगळे घरबसल्या, एका शोधात समोर आणून ठेवणे हे डिजिटल ग्रंथालयाचे काम. ते कसे चालते, हे खडकवासल्याचेच उदाहरण घेऊन पाहू.

फोटो काढले म्हणजे ग्रंथालय झाले नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ आणि डिजिटल ग्रंथालय यांत मोठा फरक आहे. ग्रंथालयात ग्रंथांची निवड असते, प्रत्येकाची नोंद असते, वाचकाला काय देता येईल याचे नियम असतात आणि ते पन्नास वर्षांनीही उघडेल याची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते.

संशोधन केंद्राचे एकेकाळचे संचालक सर क्लॉड इंग्लिस यांचा नद्या आणि कालव्यांच्या वर्तनावरचा ग्रंथ 1949 मध्ये प्रसिद्ध झाला. असा ग्रंथ डिजिटल करताना पहिले काम स्कॅनिंगचे. जुनी बांधणी सपाट दाबली तर कणा तुटतो, म्हणून पुस्तक व्ही आकाराच्या पाळण्यात अर्धवट उघडे ठेवून वरून कॅमेऱ्याने पाने टिपतात. प्रत्येक पानाची एक मोठी, तपशीलवार मूळ प्रतिमा जपून ठेवायची आणि वाचकांसाठी तिच्यावरून हलकी प्रत बनवायची, अशी पद्धत असते. नकाशे आणि घडीच्या आकृत्या पूर्ण उलगडून घ्याव्या लागतात. घाईत नेमक्या त्याच सुटतात आणि अभियांत्रिकीच्या ग्रंथातला अर्धा जीव निघून जातो.

नोंदीत सगळे आहे

त्यानंतरचे काम नोंदीचे. लेखक, शीर्षक, विषय, प्रकाशक, साल, भाषा, हक्क असे पंधरा मूलभूत रकाने ‘डब्लिन कोअर’ या पद्धतीत असतात. तिची सुरुवात 1995 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डब्लिन गावी झाली. हे रकाने भरायला जाणकार माणूस लागतो. इंग्रजी अमदानीत खडकवासल्याच्या जलाशयाला अभियंता फाइफ यांच्यावरून ‘लेक फाइफ’ म्हणत. संशोधन केंद्र 1916 मध्ये मुंबई इलाख्याचा एक सिंचन विभाग म्हणून सुरू झाले आणि पुढे त्याचे नाव अनेकदा बदलले. ही सारी नावे नोंदीत एकमेकांशी जोडली नाहीत, तर ‘खडकवासला’ असा शोध घेणाऱ्याला गॅझेटियरमधले ‘लेक फाइफ’चे पान कधीच दिसणार नाही.

नोंदी एकसारख्या असल्या की ग्रंथालये त्या एकमेकांना देऊ शकतात. आयआयटी खरगपूरने उभारलेले, 19 जून 2018 रोजी राष्ट्रार्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय याच तत्त्वावर चालते. अनेक संस्थांच्या नोंदी तिथे एकत्र शोधता येतात, आणि ग्रंथ मात्र बहुधा मूळ संस्थेच्याच संगणकावर राहतो. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपले दुर्मीळ ग्रंथ ‘डीस्पेस’ या मुक्त प्रणालीवर खुले केले आहेत. ते अवश्य पाहावेत.

मराठीची खास अडचण

स्कॅन केलेले पान संगणकाच्या लेखी नुसते चित्र असते. त्यातली अक्षरे ओळखणाऱ्या तंत्राला ओसीआर म्हणतात. देवनागरीत शिरोरेषेने अक्षरे जोडलेली, त्यात जोडाक्षरे, वर-खाली मात्रा आणि जुन्या छापखान्यांचे झिजलेले खिळे. त्यामुळे चुका होतात, आणि प्रत्येक चूक म्हणजे शोधात न सापडणारा एक शब्द. मोडी हस्तलिखितांची वाट तर आणखी लांब आहे. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सर्वमान्य अक्षरसंचात, जागा मिळाली तीच 2014 मध्ये.

संगणकावर जुळवलेला मजकूरही अडचणीतून सुटलेला नाही. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या अनेक फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसे, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असत. त्या फायली आज उघडल्या तर मजकुराचा नुसता गोंधळ दिसतो.

हक्क आणि जतन

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य 1 जानेवारी 2011 पासून सर्वांसाठी खुले आहे. विश्वेश्वरय्या 1962 मध्ये गेले, त्यांचे लेखन 2023 पासून खुले झाले. सरकारी प्रकाशनांची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात.

शेवटचे काम जतनाचे, आणि ते कधीच संपत नाही. प्रत्येक फायलीचा एक गणिती ठसा काढून ठेवतात. एक बिंदू बदलला तरी ठसा जुळत नाही आणि बिघाड लगेच कळतो. मग दुसऱ्या ठिकाणची चांगली प्रत आणून तो दुरुस्त करतात. म्हणून प्रती वेगवेगळ्या गावी हव्यात. एकाच इमारतीत दहा प्रती ठेवण्यात अर्थ नसतो, हे 1961 चा पूर पाहिलेल्या पुण्याला वेगळे सांगायला नको.

‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात भारतीय भाषांतले लाखो ग्रंथ स्कॅन झाले. कित्येकांच्या नोंदी सदोष होत्या, काहींची पाने गहाळ होती. पुढे ते संकेतस्थळच बंद पडले. तरीही ते ग्रंथ आज वाचता येतात, कारण त्यांच्या प्रती ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर पोहोचल्या होत्या.

यंत्रे आता स्वस्त झाली आहेत. कमी पडतात ती नोंदी करणारी आणि मुद्रिते तपासणारी माणसे. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात पानाचे चित्र आणि त्याचा मजकूर शेजारी-शेजारी ठेवून कुणालाही चुका दुरुस्त करता येतात. घरात जुनी पुस्तके, गावाचे दप्तर किंवा दिवाळी अंक असतील, तर रद्दीत देण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयाला विचारा. आणि एखाद्या सुट्टीत विकिस्रोतावरचे एक तरी पान तपासून द्या. तुम्ही दुरुस्त केलेला शब्द पुढच्या प्रत्येक वाचकाला सापडेल.