मावळातलं जुनं सागवान

कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर केली की दगडी छताला लगटलेल्या लाकडी कमानी दिसतात. सुमारे 2000 वर्षांचं ते सागवान आजही जागेवर आहे! मग लोणावळ्यातल्या जुन्या बंगल्याची लाकडी जमीन काळवंडली म्हणून फळ्या उखडून टाइल्स बसवणं जिवावरच येतं.

बहुतेकदा खराब झालेला असतो तो फक्त वरचा थर, तो घासून काढता येतो. आधी खिळ्यांची डोकी ठोकून आत घालायची, नाहीतर पॉलिश पेपर फाटतो. मग 60 नंबरचा पेपर, त्यानंतर 80, शेवटी 120. हात चालवायचा तो लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तोंडावर मास्क हवाच.

लाखेचं पॉलिश देखणं खरं, पण पाणी सांडलं की पांढरे डाग पडतात. लोणावळ्याच्या पावसात जमिनीला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश बरं.

काम उन्हाळ्यातच काढावं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, थर नीट सुकत नाही. जवसाचं तेल वापरलं, तर तेलकट बोळे गोळा करून ठेवू नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून ठेवावेत.