जुन्या मनगटी घड्याळांचे ऑनलाइन लिलाव : मागितलेली किंमत, आलेली किंमत आणि अस्सलपणाचा प्रश्न

प्रास्ताविक

जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री हा आपल्या समाजाला परिचित असलेला व्यवहार आहे. मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार यांना मोठी परंपरा आहे. या बाजारात ग्राहक वस्तू हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो, घासाघीस करतो आणि मगच पैसे मोजतो. इंटरनेटवरील लिलावांमुळे या व्यवहारातील पहिली पायरी, म्हणजे वस्तू हातात घेणे, नाहीशी झाली. पिएर ओमिद्यार यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेले लिलावाचे संकेतस्थळ पुढे 'ईबे' या नावाने जगभर पसरले. भारतात २००० मध्ये सुरू झालेले 'बाझी डॉट कॉम' ईबेने २००४ मध्ये विकत घेतले. देशांतर्गत ग्राहकांसाठीची ही सेवा २०१८ मध्ये बंद झाली असली, तरी भारतातील विक्रेते परदेशी ग्राहकांना माल विकण्यासाठी या व्यासपीठाचा वापर करतातच. अशा विक्रीत जुन्या मनगटी घड्याळांचे स्थान ठळक आहे. घड्याळ लहान असते, वजनाने हलके असते, टपालाने पाठविता येते आणि त्याच्याशी आठवणी निगडित असतात.

या बाजाराकडे पाहणाऱ्यास पहिली गोष्ट जाणवते ती किमतींच्या अवास्तवपणाची. ज्या घड्याळाला जाणकार ग्राहक दोन हजार रुपयेही देणार नाही, त्याच्यासमोर वीस हजारांचा आकडा लिहिलेला आढळतो. 'विक्रेत्याचा लोभ' हे याचे सर्वसाधारण उत्तर होय. परंतु ते अपुरे आहे. लोभ भाजीमंडईतही असतो. तेथे दहापट भाव सांगणाऱ्याची भाजी संध्याकाळपर्यंत कोमेजते आणि दुसऱ्या दिवशी तो शहाणा होतो. घड्याळ कोमेजत नाही. प्रस्तुत लेखात या अवास्तव किमतींमागील कारणांचा आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या अस्सलपणाच्या प्रश्नाचा विचार केला आहे.

मागितलेली किंमत आणि आलेली किंमत

ईबेसारख्या व्यासपीठावर दोन प्रकारे विक्री होते. एका प्रकारात खरा लिलाव होतो व ठरावीक मुदतीत बोली वाढत जाते. दुसऱ्या प्रकारात विक्रेता एक निश्चित किंमत लिहून ठेवतो आणि ग्राहकाची वाट पाहतो. सामान्य ग्राहक या दोहोंत फरक करीत नाही. पडद्यावर दिसलेला आकडा म्हणजेच बाजारभाव असे तो समजतो. वस्तुतः निश्चित किमतीच्या जाहिरातीतील आकडा ही केवळ मागणी असते. तो भाव व्हायचा तर कोणीतरी तेवढे पैसे द्यावे लागतात.

येथे एक गणिती चकवा दडलेला आहे. तो नीट लक्षात घेतला, तर अवास्तव किमतींचे अर्धे कोडे सुटते. समजा, एका विशिष्ट प्रकारची दहा घड्याळे दरमहा प्रत्येकी २,००० रुपये या वाजवी किमतीस विक्रीस येतात आणि तीन दिवसांत विकली जातात. त्याच महिन्यात आणखी दोन घड्याळे प्रत्येकी ९,००० रुपयांस लावली जातात. ती विकली जात नाहीत व सहा महिन्यांनी काढून घेतली जातात. आता कोणत्याही एका दिवशी ते पान उघडले तर काय दिसेल? वाजवी किमतीची घड्याळे महिन्याच्या दहाव्या हिश्श्यापुरतीच टिकत असल्याने सरासरीने त्यांपैकी एकच दिसेल. महाग घड्याळे मात्र सहा महिन्यांची साठून बारा दिसतील. म्हणजे तेरांपैकी बारा जाहिराती अवास्तव किमतीच्या, आणि पानावरील सरासरी किंमत सुमारे साडेआठ हजार. प्रत्यक्षात एकही घड्याळ दोन हजारांहून अधिक किमतीस विकले गेलेले नाही. आकडे गृहीत धरलेले असले, तरी त्यामागील तर्क कोणत्याही अशा बाजाराला लागू पडतो. जे विकले जात नाही तेच पडद्यावर टिकून राहते, आणि जे टिकून राहते त्यालाच पाहणारा बाजार समजतो.

हा चकवा विक्रेत्यालाही लागू होतो, हे विशेष. ज्याच्या घरी आजोबांचे घड्याळ आहे अशी व्यक्ती भाव जाणून घेण्यासाठी तेच पान उघडते, तेथील साडेआठ हजार पाहते आणि आपणही आठ हजार मागते. तिच्या मनात लबाडी नसते. परंतु तिच्या जाहिरातीने तेरावे महाग घड्याळ पानावर येते आणि पुढील पाहणाऱ्याचा अंदाज आणखी बिघडतो. जाहिरात लावून ठेवण्याचा खर्च नगण्य असल्यामुळे ती काढण्याची घाई कोणासच नसते. संकेतस्थळावर विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी पाहण्याची सोय असते. तिचा उपयोग करणारे ग्राहक मात्र थोडे.

अमोस ट्वर्स्की व डॅनियल कानेमन यांनी १९७४ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, एखादा आकडा एकदा मनात रुतला की त्यापुढील सर्व अंदाज त्याच्याच आसपास फिरतात. घड्याळांच्या बाबतीत असे आकडे वृत्तपत्रे पुरवितात. अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना हे घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे फिलिप्स या संस्थेच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक किमतीस विकले गेले. ती किंमत घड्याळाची होती त्याहून अधिक त्याच्या मालकाची आणि पत्नीने त्यावर कोरून दिलेल्या संदेशाची होती. तथापि बातमी वाचणाऱ्याच्या मनात राहिले ते एवढेच की, जुन्या घड्याळाला कोट्यवधी मिळतात.

लिलावातील बोली

खऱ्या लिलावात तरी किंमत वाजवी ठरते काय? १९६१ मध्ये विल्यम विक्री यांनी लिलावाचे जे सैद्धांतिक विवेचन केले, त्यानुसार दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढीच रक्कम विजेत्यास द्यावी लागत असेल, तर प्रत्येकाने आपले खरे मूल्यांकन सांगणे हेच हिताचे असते. ईबेवरील लिलाव या पद्धतीच्या जवळ जाणारा आहे. विजेता दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा किंचित अधिक रक्कम देतो. मात्र हा निष्कर्ष प्रत्येकास वस्तूचे मोल स्वतःपुरते ठाऊक असते, या गृहीतकावर उभा आहे. जुन्या घड्याळाचे मोल पुष्कळदा त्याच्या अस्सलपणावर अवलंबून असते आणि त्याविषयी प्रत्येकाचा केवळ अंदाज असतो. अशा स्थितीत लिलाव जिंकतो तो सर्वांत आशावादी, म्हणजेच बहुधा सर्वांत चुकलेला. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांविषयी १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या अभियंत्यांनी हे निरीक्षण नोंदविले. त्यास 'विजेत्याचा शाप' असे म्हणतात.

याशिवाय खोट्या बोलीचा प्रकार आहेच. विक्रेता किंवा त्याचा साथीदार दुसऱ्या नावाने बोली लावून किंमत चढवितो.

तबकडीचा प्रश्न : एचएमटी आणि 'मुंबई स्पेशल'

या विषयाचा महाराष्ट्राशी थेट संबंध येतो तो येथे. जगभरच्या घड्याळ-संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' किंवा 'बॉम्बे स्पेशल' ही संज्ञा रूढ आहे, आणि ती गौरवाची नाही. जुन्या सुट्या भागांतून जुळविलेले, नव्याने रंगविलेली तबकडी बसविलेले आणि 'मूळ, दुर्मीळ' म्हणून विकले जाणारे घड्याळ असा तिचा अर्थ आहे. फेवर-ल्यूबा, वेस्ट एंड, कॅमी, सिको आणि एचएमटी ही नावे अशा तबकड्यांवर वारंवार आढळतात.

त्यांपैकी एचएमटीचे उदाहरण अधिक बोलके आहे. सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान मशीन टूल्स या कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. चावीचे, सतरा ज्वेलचे 'जनता' हे घड्याळ नावाप्रमाणेच सामान्यांचे होते. मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या मुलास, लग्नात जावयास वा निवृत्त होणाऱ्या शिक्षकास एचएमटी देण्याची प्रथा महाराष्ट्रातील असंख्य घरांनी पाळली. १९८७ पासून टायटनच्या क्वार्ट्‌झ घड्याळांनी बाजार बदलला. एचएमटीच्या घड्याळ विभागाची पीछेहाट होत गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. बंद होण्याची वार्ता २०१४ मध्ये पसरताच ऑनलाइन जाहिरातींमधील भाव चढले. काही शेकड्यांत मिळणारी 'जनता' व 'पायलट' ही घड्याळे हजारांत मागितली जाऊ लागली आणि 'दुर्मीळ' हा शब्द प्रत्येक जाहिरातीत आला. कारखाना बंद झाल्याने वस्तू दुर्मीळ होत नाही, हा साधा विचार मागे पडला. एचएमटीने कोट्यवधी घड्याळे तयार केली होती आणि ती लोकांच्या कपाटांत होतीच. जे खरोखर विरळ होते ते वेगळेच : न उघडलेले, मूळ तबकडीचे, मूळ काट्यांचे घड्याळ.

नेमके तेच छायाचित्रातून ओळखणे अवघड असते. शिवाय जुनी मूळ तबकडी पिवळसर, डागाळलेली दिसते, तर रंगविलेली लखलखीत. परिणामी अनभिज्ञ ग्राहक बनावटीकडे आकर्षित होतो. कंपनीने कधीही न काढलेल्या रंगांच्या 'पायलट', तबकडीवर सैन्याची चिन्हे छापलेली घड्याळे असे नमुने यातूनच निपजले. जाणकार व्यक्ती मात्र काही खुणा पाहते. अक्षरांच्या कडा जाड वा फुटलेल्या असतात. मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. तबकडी नवी पण काटे गंजलेले असतात. पॉलिश करून करून केसच्या कडा गोलावलेल्या असतात. स्विस घड्याळाच्या तबकडीच्या तळाशी असावयाची अक्षरे गायब असतात किंवा भलत्याच जागी असतात. आतील मशीनचे छायाचित्र जाहिरातीत नसेल, तर तीही एक खूणच समजावी.

येथे एक भेद करणे अत्यावश्यक आहे, कारण परदेशी संग्राहकांच्या लेखनात तो सहसा केला जात नाही. तबकडी पुन्हा रंगविणे हा मुळात दुरुस्तीचा भाग होता. परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध असताना आणि सुटे भाग मिळत नसताना, पावसाळ्यात ओल शिरून खराब झालेली तबकडी रंगवून घेणे व एका घड्याळाचा भाग दुसऱ्यास बसविणे यावाचून घड्याळजीला गत्यंतर नव्हते. ग्राहकाला ते माहीत असे. किंबहुना त्यासाठीच तो पैसे देई. घड्याळ वेळ पाहण्यासाठी होते, संग्रहासाठी नव्हते. त्या कारागिराच्या कौशल्याला बनावटगिरी म्हणणे हा अन्याय आहे. तेच घड्याळ पुढे जाहिरातीत 'मूळ तबकडी' या दोन शब्दांसह मांडले जाते, तेव्हा फसवणूक घडते. खोटेपणा रंगात नाही, वर्णनात आहे.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे विश्लेषण करताना हीच यंत्रणा मांडली. २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक होत. विक्रेत्यास वस्तूचा दर्जा ठाऊक आहे आणि ग्राहकास नाही, तेव्हा ग्राहक सर्वच वस्तूंना सरासरी दर्जाची किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली वस्तू विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या वस्तूचा मालक बाजार सोडतो. सरासरी आणखी खालावते. जुन्या घड्याळांच्या बाबतीत या सिद्धांताला एक पुस्ती जोडावी लागते. मोटारीचा दोष महिन्याभरात कळतो, तबकडीचा दोष ग्राहकास कित्येकदा आयुष्यभर कळत नाही. त्यामुळे येथे वाईट वस्तू चांगलीला बाजाराबाहेर घालविते आणि वर तिच्याहून अधिक किंमतही घेते.

तज्ज्ञांची मर्यादा

फसवणूक केवळ स्वस्त घड्याळांत आणि अननुभवी ग्राहकांचीच होते, असे मानण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथे फिलिप्सच्या लिलावात ओमेगा स्पीडमास्टर या घड्याळाचा एक आरंभीचा नमुना ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीस गेला. लिलावपूर्व अंदाज ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँक इतकाच होता. ते घड्याळ ओमेगा कंपनीनेच आपल्या संग्रहालयासाठी घेतले होते. निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून ते तयार केलेले असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले आणि त्यात आपलेच माजी कर्मचारी सामील असल्याचे कंपनीने जाहीर केले. ज्यांनी घड्याळ बनविले त्यांचीच ही गत झाली असेल, तर मोबाइलच्या पडद्यावर तीन छायाचित्रे पाहणाऱ्या ग्राहकाकडून काय अपेक्षा करावी?

कायद्याचा आधार

१९३० च्या वस्तुविक्री अधिनियमाचे कलम १५ असे सांगते की, वर्णनानुसार विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. कलम ६४ नुसार विक्रेत्याने खोटी बोली लावून किंमत वाढविली असेल, तर खरेदीदारास तो व्यवहार रद्द करता येतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अंतर्गत २०२० मध्ये आलेल्या ई-कॉमर्स नियमांनी व्यासपीठांवर विक्रेत्याची माहिती देण्याचे बंधन घातले. परंतु नियमित व्यवसाय म्हणून नव्हे, तर वैयक्तिक स्वरूपात एखादी वस्तू विकणारी व्यक्ती या नियमांच्या कक्षेबाहेर राहते. जुन्या घड्याळांचे अनेक विक्रेते स्वतःस याच वर्गात दाखवितात. वर्णन खोटे होते हे सिद्ध करण्यासाठी घड्याळ उघडून पाहणारा आणि लेखी मत देणारा जाणकार हवा. घड्याळ दुरुस्तीची दुकाने शहराशहरांतून कमी होत असताना असा जाणकार मिळणेही कठीण होत आहे, आणि दोन-तीन हजारांच्या व्यवहारासाठी तेवढा खटाटोप कोणी करीत नाही.

याचा भुर्दंड अखेर पडतो तो प्रामाणिक विक्रेत्यावर. वडिलांची 'जनता' विकू इच्छिणारी व्यक्ती डागाळलेल्या मूळ तबकडीचे छायाचित्र जशीच्या तशी लावते, 'काच बदलली आहे, बाकी सर्व मूळ' असे लिहिते आणि वाजवी किंमत मागते. तिच्या शेजारच्या चौकटीत भगव्या रंगाची, चकचकीत, तिप्पट किमतीची 'दुर्मीळ' जनता असते. मुंबईहून पाठविलेल्या पाकिटाविषयी परदेशी ग्राहक आधीच साशंक असतो, आणि देशातील ग्राहक चकचकीत घड्याळाकडे पाहून विचारतो की, हिचे असे पिवळे का पडले आहे.