युद्ध, वंशसंहार आणि निर्वासितांचे आरोग्य

युद्धातील मृत्यू केवळ शस्त्रांनी होत नाहीत. युद्धामुळे माणसे घर, स्वच्छ पाणी आणि वैद्यकीय सेवा यांना मुकतात. मग एरवी टाळता येणारे रोगही प्राणघातक ठरतात. पूर्व पाकिस्तानचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 25 मार्च 1971 च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने तेथील बंगाली जनतेचे हत्याकांड आरंभले आणि वर्षअखेरीपर्यंत सुमारे एक कोटी लोक भारताच्या आश्रयास आले. दाटीवाटीच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे द्रावण रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. ग्लुकोजमुळे आतड्यांत क्षार व पाणी शोषले जाते. शिवाय हे द्रावण रुग्णाचे नातेवाईकही पाजू शकत होते. परिणामी मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांखाली आले. म्हणजेच छावणीतील मरण अटळ नव्हते. म्हणूनच अशा मृत्यूंना निव्वळ रोगाचे बळी न मानता त्यांची गणना युद्धाच्या हानीतच केली पाहिजे.