विश्लेषण : घर आवरताना सापडलेल्या जुन्या पेनांना किंमत येते का?

घर आवरायला घेतले की ट्रंकेच्या तळाशी, कपाटाच्या खणात आजोबांची शाईची पेन सापडतात. काही घरांत ती थेट भंगारात जातात, तर काही घरांत ‘जुनी आहेत म्हणजे लाखाची असतील’ अशी आशा लागते. पेठसारख्या ठिकाणी जुन्या पेनांची पारख करणारा जाणकार सहज मिळत नाही. मात्र पहिली चाचपणी घरीच करता येते.

जुने म्हणजे मौल्यवान?

नाही. ‘पार्कर ५१’ हे पेन १९४१ मध्ये बाजारात आले आणि १९७२ पर्यंत बनत राहिले. ते लाखोंनी विकले गेल्यामुळे केवळ वयावर त्याला मोठी किंमत येत नाही. कंपनी, मॉडेल, रंग, निब आणि पेनाची अवस्था यांवर भाव ठरतो. भारतीय पेनांपैकी राजमहेंद्रीची ‘रत्नम’ आणि जुनी ‘विल्सन’ ही पेन संग्राहक शोधत असतात.

नेमके काय पाहायचे?

टोपण, क्लिप आणि दांडीवरील अक्षरे मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचा. पार्करच्या १९८० नंतरच्या पेनांवर वर्षाचे सांकेतिक अक्षर असते. ‘क्वालिटीपेन’ या शब्दातील दहा इंग्रजी अक्षरे अनुक्रमे ० ते ९ हे आकडे दर्शवतात. पार्करवर ‘मेड इन इंडिया’ असेल, तर ते बहुधा अलीकडचे आणि सहज मिळणारे पेन समजावे.

निब सोन्याची आहे का?

निबवर ‘१४के’ किंवा ‘५८५’ अशी खूण आहे का ते पाहा. नुसते ‘इरिडियम पॉइंट’ लिहिलेली निब सहसा स्टीलची असते. सोन्याच्या निबमध्येही सोने साधारण एक ग्रॅमच्या आतच असते. त्यामुळे नामांकित पेनाची निब काढून सराफाला विकली, तर अनेकदा तोटाच होतो.

काय टाळावे?

पॉलिश करू नका, त्याने कोरलेली अक्षरे पुसट होतात. गरम पाणी आणि स्पिरिट वापरू नका. आतली रबरी पिशवी वाळून कडक झालेली असते, म्हणून शाई भरण्याचा खटका जोराने ओढू नका. प्लॅस्टिक ओळखण्यासाठी पेनाला काडी लावू नका, कारण जुने सेल्युलॉइड पटकन पेट घेते.

विकताना काय काळजी घ्यावी?

जाहिरातीत मागितलेली रक्कम म्हणजे भाव नव्हे. ईबेसारख्या संकेतस्थळावर ‘सोल्ड आयटम्स’ निवडल्यास तसेच पेन प्रत्यक्षात कितीला गेले ते दिसते. निब, टोपण आणि अक्षरांचे स्पष्ट फोटो काढून किमान दोन जाणकारांना दाखवा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. खरेदीदाराने तो टाकायला सांगितला, तर व्यवहार तिथेच थांबवा.

भाव आला नाही, तरी पेन निकामी ठरत नाही. निब साध्या पाण्याने धुऊन शाई भरली, तर अनेक जुनी पेन पुन्हा लिहू लागतात.