घशातून होणारी हृदयाची तपासणी

मोठ्या तपासणीसाठी पुण्याला येणारे बाहेरगावचे रुग्ण बहुधा आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे उतरतात. आमच्या कर्वेनगरात असे पाहुणे नेहमी असतात आणि धीर यावा म्हणून यजमान त्यांना माझ्याकडेही घेऊन येतात. काही महिन्यांपूर्वी अशाच एक बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेल्याने हृदयाची एक झडप अरुंद झालेली होती. फुग्याच्या साहाय्याने ती रुंद करायची होती. पण त्याआधी घशातून नळी घालून इको तपासणी सांगितली होती. 'डॉक्टर, नळी घशात अडकली तर?' एवढा एकच प्रश्न त्यांच्या मनात होता. मी समजावून सांगितले आणि त्या निर्धास्त झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तपासणी न होताच परत आल्या. पहाटे निघताना वहिनींनी आग्रहाने चहा आणि दोन बिस्किटे दिली होती. 'चहानं कुठं उपास मोडतो?' त्या म्हणाल्या. चूक माझीही होती. नळीबद्दल मी सारे सांगितले, पण पोटाबद्दल नुसते 'उपाशी जा' एवढेच म्हणालो. आपल्याकडे उपासाला चहा चालतो, साबुदाण्याची खिचडीही चालते, हे मी विसरलो.

ही तपासणी कशासाठी?

नेहमीच्या इको तपासणीत छातीवर जेल लावून यंत्र फिरवतात आणि ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाचे चित्र मिळवतात. हे तंत्र स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी 1953 साली प्रथम वापरले. परंतु छातीवरून पाहताना बरगड्या आणि हवेने भरलेली फुप्फुसे मध्ये येतात, त्यामुळे हृदयाचा मागचा भाग नीट दिसत नाही. अन्ननलिका मात्र हृदयाच्या अगदी पाठीशी, डाव्या वरच्या कप्प्याला लागूनच असते. तिथून पाहिले की चित्र स्वच्छ मिळते.

या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते. झडप अरुंद असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर त्या पिशवीत रक्त साकळून गुठळी होऊ शकते. गुठळी असताना फुगा घातला, किंवा ठोके ताळ्यावर आणण्यासाठी विजेचा झटका दिला, तर ती सुटून मेंदूत जाण्याची आणि लकवा होण्याची भीती असते. म्हणून आधी खात्री करून घेतात. गुठळी आढळलीच तर रक्त पातळ करणारे औषध काही आठवडे देऊन बहुधा पुन्हा तपासतात. झडपेवरील जंतुसंसर्ग किंवा हृदयाच्या पडद्यातील छिद्र पाहण्यासाठीही ही तपासणी करतात.

पोट रिकामे का हवे?

तपासणीपूर्वी घसा बधिर करतात आणि गुंगीचे इंजेक्शन देतात. एरवी अन्नाचा कण श्वासनलिकेकडे वळला तर ठसका लागून तो बाहेर पडतो. बधिर घशात आणि गुंगीत हे संरक्षण कमी होते. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकते आणि जिवावर बेतू शकते. म्हणून साधारण सहा तास काहीही खायचे नाही. दुधाचा चहा म्हणजे अन्नच समजावे. साधे पाणी किती वाजेपर्यंत चालेल, ते रुग्णालयाने सांगितल्याप्रमाणे पाळावे. चुकून काही खाल्ले तर लपवू नका. नर्सने विचारताच या बाईंनी खरे सांगितले, हे फार चांगले केले. तपासणी पुढे ढकलता येते.

आधी काय सांगावे?

गिळायला त्रास होत असेल, अन्ननलिकेचा किंवा जठराचा आजार असेल, पूर्वी रक्ताची उलटी झाली असेल, एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, घोरण्याचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आवर्जून सांगा. मधुमेहाच्या गोळ्या व इन्शुलिन उपाशीपोटी आपल्या मनाने घेऊ नका. रक्त पातळ करणारी औषधेही आपल्या मनाने बंद करू नका. दोन्ही बाबतींत आधी विचारा. कवळी काढून ठेवा, हलणारा दात असेल तर तोही दाखवा.

प्रत्यक्षात काय होते?

घशात कडवट औषधाचा फवारा मारतात. डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये प्लॅस्टिकचे कडे ठेवतात. हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि रक्तातील ऑक्सिजन यांवर सतत लक्ष असते. नंतर साधारण करंगळीएवढी जाड, लवचीक नळी घशात सरकवतात आणि 'गिळा' म्हणतात. या क्षणी उमासा येतो, तो थोडाच वेळ टिकतो. नळी अन्ननलिकेत असते, श्वासनलिकेत नाही. त्यामुळे श्वास चालू राहतो. नाकाने शांतपणे श्वास घेत राहावे. बहुधा वीस-तीस मिनिटांत काम संपते.

तपासणीनंतर

घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे एक ते दोन तास, खाऊ-पिऊ नये. मग आधी घोटभर गार पाणी घेऊन पाहावे. ठसका लागला नाही तरच पुढे खावे. बरोबर एक जाणते माणूस असावेच. त्या दिवशी स्कूटर चालवू नये आणि महत्त्वाच्या कागदावर सही करू नये. घसा एक-दोन दिवस दुखणे स्वाभाविक आहे. अन्ननलिकेला गंभीर इजा होणे फार क्वचित, हजारात एकाहूनही कमी रुग्णांत घडते. पण छातीत किंवा मानेत तीव्र वेदना, रक्ताची उलटी, ताप, धाप किंवा गिळता न येणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आठ दिवसांनी त्या बाईंची तपासणी झाली. गुठळी नव्हती, पुढे झडपही रुंद करण्यात आली. 'गिळा म्हणाले तेवढं आठवतं, पुढचं काही नाही,' असे त्या सांगत होत्या. तेव्हा वाचकहो, नळीला घाबरू नका. आणि पाहुणा सकाळी तपासणीला निघत असेल, तर त्या दिवशी चहाचा आग्रह करू नका.