दुधाचा पहारा

नतान्या हे शहर इस्राएलमध्ये सर्वांच्या परिचयाचे आहे. १९२९ साली वसलेल्या या शहराला न्यूयॉर्कचे यहुदी व्यापारी नेथन स्ट्राउस यांचे नाव दिले गेले. स्ट्राउस यांनी आयुष्याची कित्येक वर्षे एका कामाला वाहिली. ते काम म्हणजे गरिबांच्या मुलांना सुरक्षित दूध मिळवून देणे.

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात पूर्व युरोपातून आलेली यहुदी कुटुंबे दाटीवाटीने राहत. दूध दूरच्या गोठ्यांतून आगगाडीने येई. दुकानात ते उघड्या कॅनमधून पळीने मापून मिळे. तोवर ते निरसे दूध बराच काळ प्रवासात असे. उन्हाळ्यात तान्ही बाळे हगवणीने दगावत. दुधात पाणी घालणे, साय काढून घेणे, नासू नये म्हणून फॉर्मलिन मिसळणे असे प्रकारही चालत.

शहराच्या आरोग्य खात्याचे निरीक्षक दुकानांत अचानक येत. त्यांच्याजवळ लॅक्टोमीटर असे. काचेची ही नळी दुधात तरंगते. दुधात पाणी असेल तर ती जास्त बुडते. भेसळ सापडली की दूध तिथेच गटारात ओतले जाई. पण या नळीलाही फसवता येई. साय काढली की दूध जड होते आणि पाणी घातले की हलके. दोन्ही बेताने केले तर आकडा बरोबर दिसे. शिवाय क्षयाचे किंवा विषमज्वराचे जंतू नळीला कळत नाहीत आणि डोळ्यांनाही दिसत नाहीत. निर्भेळ दूधही बाळाचा जीव घेऊ शकत होते.

म्हणून स्ट्राउस यांनी पाश्चरायझेशनचा आग्रह धरला. या पद्धतीत दूध उकळत नाहीत. ते ठरावीक वेळ तापवतात आणि लगेच थंड करतात. १८९३ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पहिले दूधकेंद्र उघडले. तिथे तापवलेले दूध स्वस्तात आणि अगदी गरिबांना फुकट मिळे. रँडल्स बेटावरच्या अनाथ बालकांच्या संस्थेत दर १०० मुलांपैकी ४० हून अधिक मुले दगावत. स्ट्राउस यांनी तिथे पाश्चरायझेशनचे यंत्र बसवून दिल्यावर १८९८ साली हे प्रमाण सुमारे २० वर आले.

तरीही विरोध झाला. काही डॉक्टर म्हणत, तापवण्याची सोय झाली की गवळी गोठा स्वच्छ ठेवणार नाहीत. या म्हणण्यात तथ्य होते. तापवल्याने जंतू मरतात, पण घाण आणि घातलेले पाणी दुधातच राहते. अखेर शहराने दोन्ही वाटा धरल्या. निरीक्षक गावोगावच्या गोठ्यांपर्यंत जाऊ लागले आणि १९१४ पर्यंत शहरातल्या बहुतेक दुधासाठी पाश्चरायझेशन सक्तीचे झाले.

दुधावर पहारा ठेवण्याची कल्पना यहुदी धर्मशास्त्रात फार जुनी आहे. मिश्नातील 'अवोदा झारा' या भागात सांगितले आहे, की परधर्मीयाने काढलेले दूध यहुदी माणसाच्या देखरेखीशिवाय पिऊ नये. त्यात निषिद्ध जनावराचे दूध मिसळले जाण्याची भीती होती. विसाव्या शतकात अमेरिकेतील रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी निर्णय दिला, की सरकारी तपासणी आणि दंडाचा धाक असेल तिथे तीच देखरेख मानता येते. अनेक जण या निर्णयावर विसंबतात. काही कुटुंबे मात्र आजही 'खालाव यिस्राएल' म्हणजे प्रत्यक्ष देखरेखीखालचे दूधच घेतात.

मराठी घरांत दूध आले की आधी तापवायचे, ही रीत होती. निरीक्षक नसलेल्या गावात आईच्या चुलीनेच तो पहारा केला.

शब्दार्थ
निरसे दूध – न तापवलेले दूध
भेसळ – चांगल्या वस्तूत हलकी वस्तू मिसळणे
निर्भेळ – भेसळ नसलेले
विषमज्वर – टायफॉइड

विचार करा
१. लॅक्टोमीटरला कोणत्या दोन गोष्टी कळत नसत?
२. तपासणी आणि तापवणे ही दोन्ही का लागली?
३. आजीच्या घरी दूध कोठून येई आणि ते कसे पारखत, हे विचारून मराठीत पाच वाक्ये लिहा.