तोच निरोप, पुन्हा कधी?

फोनवर नोटिफिकेशन येते तेव्हा ॲप उघडे असावे लागत नाही. प्रत्येक ॲप स्वतंत्रपणे सर्व्हरशी बोलत बसले तर बॅटरी लवकर संपेल. म्हणून फोन ॲपल किंवा गुगलच्या सर्व्हरशी एकच जोडणी जागी ठेवतो आणि सगळ्या कंपन्यांचे निरोप त्याच वाटेने येतात. ॲपलने ही सोय 2009 मध्ये ॲपवाल्यांना खुली केली.

निरोप पोचवणे सोपे. कोणता पाठवायचा, हे अवघड. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोच्या संशोधकांनी 2020 मध्ये यासाठीची आपली पद्धत प्रसिद्ध केली. प्रणाली तयार मजकुरांतून एक निवडते, माणसाने त्यानंतर धडा केला का ते पाहते आणि पुढची निवड सुधारते. खरी गंमत पुढे आहे. उत्तम चाललेला मजकूरही लगेच पुन्हा पाठवला की शिळा होतो. म्हणून नुकत्याच वापरलेल्या मजकुराचे गुण कापले जातात आणि दिवस जातील तसे ते हळूहळू परत मिळतात. यातून रोजचे वापरकर्ते सुमारे अर्धा टक्का वाढले. आकडा किरकोळ वाटेल, पण रोजचे वापरकर्ते लाखोंनी असले की तो हजारांत जातो.

आताचे एआय एजंट मजकूरही स्वतःच लिहितात आणि वेळही ठरवतात. यश मोजायचे कशावर, हे मात्र अजून माणूसच ठरवतो. नुसत्या टिचकीवर मोजले, तर एजंट घाबरवणारे मजकूर लिहायला शिकेल. त्याच्या दृष्टीने ते चूक नाहीच. नोटिफिकेशन कायमची बंद करणारे किती, हे गणितात धरले तरच त्याला गप्प बसण्याचे गुण मिळतात. अँड्रॉइड 13 पासून नव्या ॲपला नोटिफिकेशनसाठी आधी परवानगी मागावी लागते, तीही परत घेता येते.